लहान ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते?
दोष शोधण्याची एक सोपी व खात्रीची रीत

बैलाने वैरण सोडली, त्याची नाकपुडी कोरडी पडली, की त्याचे काही तरी बिनसले आहे हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. पिढ्यानपिढ्यांच्या सहवासाने ही जाण त्याच्या अंगी मुरलेली असते. आज द्राक्षे, डाळिंबे, संत्री यांच्या बागांतून १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर बैलाच्या जागी उभा राहिला आहे. दोन ओळींमधून तो सहज फिरतो, फवारणीचे यंत्र ओढतो, मशागत करतो. परंतु त्याची दुखणी ओळखण्याची नजर अजून आपल्या अंगी तितकीशी बाणलेली नाही. त्यातही नांगराचा फाळ झिजला तर तो डोळ्यांना दिसतो, चाकातील हवा गेली तर ती हाताला कळते. वीज मात्र दिसत नाही. यामुळे विजेचा काही बिघाड झाला की सर्व दोष बॅटरीच्या माथी मारून नवी बॅटरी आणण्याचा प्रघात पडला आहे. तो किती महागात पडतो, हे एका बागाईतदारांच्या अनुभवावरून स्पष्ट होईल.

नाशिक जिल्ह्यातील हे गृहस्थ तीन एकर द्राक्षबाग बाळगून आहेत. ऑक्टोबरची छाटणी होऊन नवी फूट वाढत होती. आभाळ भरून आले होते आणि अशा दमट हवेत केवडा रोग पानांवर पसरावयास वेळ लागत नाही. पाऊस येण्यापूर्वी औषध मारून घ्यावे म्हणून त्यांनी पहाटेच टाकी भरून ठेवली. ट्रॅक्टरची किल्ली फिरवली, तो ‘खट्’ असा आवाज होऊन सारे शांत झाले. शेजाऱ्यांची बॅटरी आणून जोडीपर्यंत पावसाला सुरुवात झाली आणि त्या दिवसाची फवारणी हुकली ती हुकलीच. पुढे आठवड्याभरात पानांवर तेलकट डाग दिसू लागले आणि काही ओळींतील घडांना रोगाची झळ पोहोचली.

काही दिवसांनी मी त्यांच्या बागेत गेलो असता त्यांनी मला विचारले, “साहेब, चौदा महिन्यांत ही दुसरी बॅटरी. आता तिसरी कोणती घ्यावी तेवढे सांगा.”

मी म्हणालो, “अण्णा, तिसरी घेण्याचे नंतर पाहू. आधी या दुसरीला काय झाले आहे ते तर विचारू.”

बॅटरीला विचारावयाचे म्हणजे काय, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

वीज कोठे निर्माण होते व कोठे साठते

आपल्या विहिरीवरील व्यवस्था डोळ्यांपुढे आणा. विहिरीवर पंप असतो, तो पाणी उचलतो. पाइपातून ते पाणी हौदात येते. हौदातून आपण लागेल तसे पाणी घेतो. ट्रॅक्टरवर पंपाचे काम आल्टर्नेटर करतो. इंजिनावरील पट्ट्याने तो फिरतो व वीज निर्माण करतो. तारा हे पाइप होत आणि बॅटरी हा हौद. हौद भरून वाहू नये म्हणून तरंगत्या गोळ्याचा कॉक बसवितात. ते काम रेग्युलेटर करतो. पंप बंद झाल्यावर पाणी उलट विहिरीत जाऊ नये म्हणून फूटव्हॉल्व असतो. आल्टर्नेटरमध्ये ते काम डायोड नावाचे लहान भाग करतात. ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात.

हौद रिकामा दिसला म्हणून कोणी लगेच नवा हौद बांधावयास घेत नाही. पंप चालतो काय, पाइप फुटला काय, कोठे गळती आहे काय, हे आपण आधी पाहतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र हा साधा विचार आपण सोडून देतो.

याला आणखीही एक कारण आहे. डिझेल इंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते. म्हणून साध्या इंधन-पंपाचे इंजिन एकदा सुरू झाले, की बॅटरीला वीज मिळो वा न मिळो, ते दिवसभर चालू शकते. काम चालू असते, तक्रार काही नसते आणि हौद मात्र मुकाट्याने आटत जातो. दोष उघडकीस येतो तो इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावयाच्या वेळी, म्हणजे नेमका घाईच्या वेळी.

हाताशी असावयाची साधने

या तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. काही शे रुपयांस मिळणारा मल्टिमीटर, १२ व्होल्टचा लहान दिवा दोन तारा लावून, पाने, तारेचा ब्रश, पॉलिश कागद आणि झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, एवढे साहित्य पुरेसे आहे. गावातील दहा-वीस ट्रॅक्टरमालकांनी मिळून असा एक संच ठेवला तरी चालेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मल्टिमीटर वापरावयास शिकून घेतल्यास गावाची मोठी सोय होईल.

मल्टिमीटरचा खटका डी.सी. २० व्होल्टच्या खुणेवर आणावा. लाल टोक बॅटरीच्या धन खुंटीवर व काळे टोक ऋण खुंटीवर टेकवावे. टोके तारेच्या लगवर न टेकविता खुद्द शिशाच्या खुंटीवर टेकवावीत, याचे कारण पुढे येईलच.

तीन वेळची तीन मापे

*पहिले माप, विसाव्याचे.* ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यानंतर सकाळी, काहीही सुरू न करता हे माप घ्यावे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घर असतात व प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचे असते. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक दाखविते. १२.४ असल्यास ती सुमारे पाऊण भरलेली, १२.२ असल्यास सुमारे निम्मी आणि १२.० असल्यास पाव भरलेली समजावी. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की पूर्ण भरलेली व निम्मी रिकामी यांत जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक आहे. ‘बारा दाखविते म्हणजे ठीक आहे’ ही समजूत चुकीची आहे. माप १०.५ च्या आसपास आले व चार्ज करूनही वर चढत नसेल, तर एक घर बाद झाले असण्याचा संभव फार.

*दुसरे माप, भाराचे.* एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने मल्टिमीटर पाहावा. या वेळी व्होल्टेज उतरणारच. परंतु ते साधारणतः ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही याहून खाली घसरत असेल तर बॅटरी अशक्त झाली आहे, किंवा सेल्फची मोटार अडकून वाजवीपेक्षा अधिक वीज ओढीत आहे. उलट व्होल्टेज १२ च्या वरच राहिले आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर बॅटरीत वीज आहे पण ती मोटारीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी दोष सैल लग, गंजलेली अर्थची तार किंवा सोलेनॉइड यांत शोधावा.

*तिसरे माप, चार्जिंगचे.* इंजिन सुरू करून मध्यम वेगावर ठेवावे व पाच मिनिटांनी माप घ्यावे. ते १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आले पाहिजे. नंतर पुढचे दिवे लावून पाहावे. थोडे उतरून ते १३.५ च्या वर टिकले, तर चार्जिंगची व्यवस्था बहुधा सुस्थितीत आहे. इंजिन चालू असूनही माप विसाव्याइतकेच राहिले किंवा हळूहळू उतरत गेले, तर बॅटरीला वीज मिळत नाही. आणि ते १५ च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी उकळते, पाणी पिते व थोड्याच काळात निकामी होते. ज्या बॅटरीत आठवड्या-आठवड्याला पाणी घालावे लागते, तिच्याबाबत हा संशय अवश्य घ्यावा.

ही तीन मापे घेण्यास दहा मिनिटे पुरतात. बॅटरी बदलावयाची की नाही, हा निर्णय त्यानंतरच करावा.

वाटेत हरवलेली वीज

आता त्या द्राक्षबागाईतदारांच्या ट्रॅक्टरकडे वळू. सकाळचे माप १२.१ आले, म्हणजे बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होती. शेजारच्या बॅटरीच्या साहाय्याने इंजिन सुरू केले, जोडणी काढली, दिवे लावले व पुन्हा माप घेतले. ते १२.७ आले. आल्टर्नेटर गेला, असे कोणीही म्हटले असते. परंतु तो उतरविण्यापूर्वी मल्टिमीटरचे लाल टोक आल्टर्नेटरच्या पाठीवरील जाड तारेच्या खुंटीवर व काळे टोक त्याच्याच अंगावर ठेवले, तेव्हा माप आले १४.२ व्होल्ट. म्हणजे पंप उत्तम चालू होता; पाणीच हौदात पडत नव्हते.

दीड व्होल्ट वाटेत कोठे तरी हरवत होता. तो कोठे, हे शोधण्याची रीत अगदी सोपी आहे. इंजिन चालू व दिवे लागलेले ठेवून मल्टिमीटरचे एक टोक आल्टर्नेटरच्या खुंटीवर व दुसरे बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवावे. तार निर्दोष असेल तर माप ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक येत नाही. याचप्रमाणे आल्टर्नेटरचे अंग व बॅटरीची ऋण खुंटी यांमध्येही माप घ्यावे. तेही असेच अल्प असले पाहिजे. ज्या बाजूस माप मोठे, त्या बाजूस दोष. मग एक टोक जागी ठेवून दुसरे टोक एकेका जोडापाशी सरकवीत न्यावे. जेथे माप एकदम उडी घेते, तेथे चोर सापडला.

येथे धन बाजूस माप १.४ आले. टोक सरकवीत नेता वाटेतील फ्यूजच्या बैठकीपाशी उडी दिसली. झाकण काढले तो आत हिरवट क्षार साचलेला, एक पाते करपून काळे पडलेले आणि बाजूचे प्लॅस्टिक वितळून वाकलेले. बोर्डो मिश्रण व इतर ताम्रयुक्त औषधे वर्षातून अनेक वेळा फवारली जातात. त्यांचे तुषार ट्रॅक्टरवर बसतात, धुण्याच्या पाण्याबरोबर ते फटीतून आत जातात आणि जोड खातात. जोड खराब झाला की विजेला अडथळा होतो, अडथळ्याने तेथे उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने जोड आणखी खराब होतो. सेल्फच्या मोटारीला वीज बॅटरीतून वेगळ्या जाड तारेने जाते. त्या वाटेवर हा फ्यूज नव्हता. म्हणूनच बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली की चार दिवस ट्रॅक्टर झटकन सुरू होई आणि दोष बॅटरीचाच, असे वाटे.

नवी बैठक व त्याच मापाचा नवा फ्यूज बसविला. बॅटरीवरचे माप लगेच १४.० झाले. बॅटरी रात्रभर बाहेर चार्ज केल्यावर तिच्या सहाही घरांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व जवळजवळ सारखे आले. ती बॅटरी रोगी नव्हती, उपाशी होती. अण्णा बराच वेळ त्या करपलेल्या फ्यूजकडे पाहत राहिले. “म्हणजे पहिली बॅटरीही चांगलीच असेल,” एवढेच ते म्हणाले. खात्रीने तसे सांगता येत नव्हते. कारण बॅटरी दीर्घकाळ अर्धवट रिकामी राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाम्लापासून झालेला क्षार कठीण होऊन बसतो व मग ती पूर्ण भरत नाही. उपासमारीने माणूस जसा अखेर आजारी पडतो, तसेच हे आहे.

पट्टा, सूचक दिवा व रेग्युलेटर

प्रत्येक ट्रॅक्टरचा दोष हाच असेल असे नाही. आल्टर्नेटरच्या खुंटीवरच माप कमी आले, तर पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मध्यभागी पट्टा अंगठ्याने दाबावा. तो सुमारे १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. नेमके माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते प्रमाण मानावे. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर तो घसरतो. दिवे लावताच चिरकल्यासारखा आवाज येणे, ही त्याची खूण होय. पुष्कळ ट्रॅक्टरांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो; तेव्हा बॅटरी उतरणे व इंजिन तापणे ही दोन्ही दुखणी एकदम सुरू झाली, तर पट्ट्याकडेच पाहावे. पट्टा वाजवीपेक्षा ताणणेही बरे नव्हे. त्याने आल्टर्नेटरचे बेअरिंग जाते.

दुसरा सूचक दिवा. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर ‘दिवाच गेला आहे, काय बिघडले?’ असे म्हणून सोडून देऊ नये. पुष्कळ आल्टर्नेटरांत आरंभीचे चुंबकत्व निर्माण करणारी वीज या दिव्यामधूनच जाते. दिवा गेला तर आल्टर्नेटर जागाच होत नाही. इंजिन चालू असताना दिवा लागून राहिला तर वीजनिर्मिती बंद आहे. मात्र दिवा विझला म्हणजे वीज बॅटरीत पोहोचलीच, असे समजू नये. वरील ट्रॅक्टरचा दिवाही दिवसाढवळ्या विझलेलाच दिसत होता.

तिसरी एक युक्ती अशी. किल्ली फिरवून, इंजिन बंद असताना स्क्रूड्रायव्हरचे लोखंडी टोक आल्टर्नेटरच्या मागील बेअरिंगजवळ न्यावे. ते स्पष्टपणे ओढले गेले तर आतील चुंबकत्व निर्माण होत आहे. ओढले गेले नाही तर ब्रश झिजले असतील, रेग्युलेटर बिघडला असेल किंवा सूचक दिव्याची तार तुटली असेल. एवढा निर्णय झाला की आल्टर्नेटर जाणत्या कारागिराकडे द्यावा. काय तपासावयाचे हे आपण सांगू शकलो, तर विनाकारण संपूर्ण आल्टर्नेटर बदलण्याची पाळी येत नाही.

अगदी लहान इंजिनांवर पट्ट्याचा आल्टर्नेटर नसतो. फ्लायव्हीलखाली कायम लोहचुंबक व तारेची वेटोळी असतात आणि बाहेर पंख्यांसारख्या कडा असलेली रेग्युलेटरची धातूची पेटी असते. तेथे वेटोळ्यांकडून पेटीत येणाऱ्या दोन तारा सोडवून, मल्टिमीटर ए.सी.वर ठेवून इंजिन चालू असता माप घ्यावे. इंजिनाच्या वेगाबरोबर ते वाढत गेले पाहिजे व पुस्तिकेतील आकड्याशी जुळले पाहिजे. काहीच माप आले नाही तर वेटोळे तुटले आहे. माप येते पण बॅटरीवरील व्होल्टेज चढत नाही, असे असेल तर दोष पेटीत किंवा तिच्या अर्थमध्ये आहे. पेटी बसते तेथे रंग किंवा गंज असल्यास तो खरडून धातूस धातू लागेल असे करावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

रात्रीची गळती

तिन्ही मापे ठीक, तरीही चार दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर सुरू होत नाही, असेही घडते. तेव्हा हौदाला गळती आहे. किल्ली काढून, सर्व खटके बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि ती तार व ऋण खुंटी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा जोडावा. दिवा उजळला तर कोठे तरी वीज वाहत आहे. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच दिवा विझतो, त्या वाटेवर गळती आहे. कोणताही फ्यूज काढून दिवा विझला नाही, तर आल्टर्नेटरची जाड तार सोडवून तिला चिंधी गुंडाळावी. आता दिवा विझल्यास डायोड, म्हणजे आपला फूटव्हॉल्व, गेला आहे.

या गळतीला क्षुल्लक समजू नये. ५ वॅटचा एक दिवा सुमारे ०.४ अँपियर वीज घेतो. तो अहोरात्र जळत राहिला तर दिवसाला सुमारे १० अँपियर-तास वीज जाते आणि ५० अँपियर-तासांची बॅटरी पाच दिवसांत कोरडी होते. मागाहून बसविलेले जादा दिवे व गाण्याचे यंत्र यांच्या तारा पुष्कळदा किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. त्यांकडे प्रथम पाहावे.

बॅटरीची निगा

शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण तिची मूळ प्रकृती बदललेली नाही. तिला रिकामे राहणे, कोरडे पडणे व हादरे बसणे सोसत नाही.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाणी खुणेपर्यंत ठेवावे. ते डिस्टिल्ड वॉटरच असावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षारांनी पट्ट्यांचा नाश होतो. पातळी उतरली म्हणून आम्ल घालू नये, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. हायड्रोमीटरने प्रत्येक घर वेगळे तपासावे. भरलेल्या बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व घडणीप्रमाणे १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असते. एखाद्या घराचे माप इतरांहून ०.०५० किंवा अधिक कमी आले, तर ते घर दुबळे झाले असे समजावे. अशी बॅटरी बदलणेच योग्य.

खुंट्यांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर लग घट्ट करून त्यावर व्हॅसलिन लावावे. फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना फ्यूजची पेटी व आल्टर्नेटर यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये.

जिवाला जपावे

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने भडकतो. जवळ विडी, काडी, उघडा दिवा आणू नये. बॅटरी काढताना ऋण तार प्रथम सोडवावी व बसविताना ती सर्वांत शेवटी जोडावी. हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. इंजिन चालू असताना माप घेताना उपरणे, पदर, सैल बाही पट्ट्यात व पंख्यात अडकणार नाही याची दक्षता घ्यावी. आम्ल डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळे धुवून तत्काळ दवाखान्यात जावे.

यंत्राच्या दृष्टीनेही तीन पथ्ये आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. पूर्वी डायनॅमोच्या ट्रॅक्टरवर काही जण असे करून पाहत, परंतु आल्टर्नेटरचे डायोड त्याने क्षणात जळतात. ट्रॅक्टरवर किंवा त्याला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करावयाचे असेल, तर आधी बॅटरीच्या व आल्टर्नेटरच्या तारा सोडवाव्यात. आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये. फ्यूज जळतो तो मोठी आग टाळण्यासाठी.

बॅटरी खरोखरच निकामी झाली, तर तिचे आम्ल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात विषारी शिसे असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उत्पादकांकडे सोपविलेली आहे. तेव्हा जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच द्यावी.

आठवड्याचा एक दिवस

ट्रॅक्टरच्या आसनाखाली एक लहान वही ठेवावी. आठवड्यातून एकदा विसाव्याचे व चार्जिंगचे माप घेऊन तारखेसह तीत लिहावे. पट्टा दाबून पाहावा, लग हलवून पाहावेत. १२.६ चे १२.४ झाले, १२.४ चे १२.२ झाले, की पुढे काय वाढून ठेवले आहे ते वही आधीच सांगेल आणि उपाय करावयास सवड मिळेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टर एका सकाळी एकत्र आणून ही तीन मापे सर्वांसमक्ष घेऊन दाखवावीत. एकदा डोळ्यांनी पाहिलेले, दहा वेळा ऐकलेल्यापेक्षा अधिक ठसते.

अण्णांनी अशी वही ठेवली आहे. मागे गेलो तेव्हा त्यांनी ती स्वतःहून दाखविली. अक्षर त्यांच्या शाळेत जाणाऱ्या नातीचे होते आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते : सकाळी १२.६, इंजिन चालू १४.१, पट्टा ठीक. तिसरी बॅटरी त्यांनी घेतलेली नाही.